शेवटचे अक्षर कोणते? साक्षरतेचे खेळ आणि वाचनाचे एकक

संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील साक्षरता-खेळांची चर्चा आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी होत आली आहे. या खेळांमुळे मूल लवकर वाचू लागते काय, असे शिक्षणशास्त्राने विचारले. त्यात त्याचे चित्त किती काळ रमते, याची मोजदाद मानसशास्त्राने केली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु खेळ हीदेखील एक रचना आहे. तिला नियम असतात, आणि लिपी म्हणजे काय, वाचणे म्हणजे काय, खेळणाऱ्याच्या समोर कोण बसलेले असते, याविषयीची गृहीतके त्या नियमांच्या पोटात दडलेली असतात. ती उकलणे हे संहितेच्या अभ्यासकाचे काम आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने ते फारसे हाती घेतलेले दिसत नाही.

या गृहीतकांची परीक्षा एकभाषिक प्रदेशात नीट होत नाही. तेथे खेळाचा नियम आणि लिपीचा नियम एकमेकांत असे मिसळून जातात, की दोन्ही निसर्गदत्त वाटू लागतात. म्हैसूरचा मंडी मोहल्ला या दृष्टीने अधिक बोलका ठरतो. देवराज, चामराज, लष्कर, नजरबाद अशा मोहल्ल्यांत विभागलेल्या या कन्नड राजधानीतील एका वस्तीचे नाव बाजारवाचक हिंदुस्थानी शब्द आणि मूळचा अरबी शब्द यांच्या जोडणीतून झालेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वेस्लियन मिशनने उभारलेले रुग्णालय याच भागात आहे. येथे दखनी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या भोवती कन्नड आहे, शाळेत कन्नड, उर्दू किंवा इंग्रजी आहे. मराठी वाचकाला या दखनीत परकेपणा वाटू नये. तिच्यातील 'नक्को' आणि शब्दाला चिकटणारा निश्चयार्थक 'च' ही मराठीच्या शेजारातून आलेली देणी आहेत. मैलभर अंतरात तीन लिपी वाचाव्या लागणारे मूल जेव्हा पडद्यावरील साक्षरता-खेळ उघडते, तेव्हा त्या खेळाने कोणती लिपी मनात धरून आपले नियम बांधले आहेत, हा प्रश्न तात्त्विक राहत नाही.

तो प्रश्न एका शब्दावर तपासून पाहता येतो. नदी हा शब्द मराठीत आहे, ऱ्हस्व इकारान्त होऊन कन्नडात आहे आणि उर्दूतही आहे. भेंड्या लावताना एखाद्या गाण्याची ओळ या शब्दावर संपली, तर प्रतिपक्षाला कोणते अक्षर येते? मराठी घरात कोणीही क्षणाचा विलंब न लावता 'द' म्हणेल. ईकाराची वेलांटी हिशेबात धरली जात नाही. कन्नड घरातील अंत्याक्षरी याच वळणाची आहे. त्याच गल्लीत उर्दू शेरांची बैतबाजी रंगली असेल, तर नून, दाल, ये असा लिहिला जाणारा हा शब्द पुढच्या खेळाडूच्या हाती 'ये' देईल आणि त्याला 'याद' किंवा 'यार' अशा शब्दाने सुरू होणारा शेर शोधावा लागेल. हाच शब्द रोमन लिपीत लिहून पडद्यावरील शब्दसाखळीच्या खेळात टाकला, तर यंत्र 'आय' मागेल. नियम तिन्ही ठिकाणी एकच : जेथे संपले तेथून सुरू करावे. उत्तरे मात्र तीन, आणि तिन्ही बरोबर.

या तीन उत्तरांत तीन लेखनविचार आहेत. भेंड्यांचा खेळाडू शब्दाचे तुकडे अक्षरांत पाडतो. अक्षर म्हणजे व्यंजनाचा देह आणि त्यावर चढविलेले स्वराचे चिन्ह. चिन्ह गळाले तरी देह उरतो, म्हणून 'दी'चा 'द' होऊ शकतो. बैतबाजीचा खेळाडू हर्फ मोजतो. त्याच्या लेखी 'ये' हा 'दाल'वरचा अलंकार नाही. तो ओळीत आपल्या जागी उभा असलेला स्वतंत्र घटक आहे. शिवाय या खेळाला शुद्धलेखनाचे ज्ञान लागते. 'लडका' आणि 'दरवाजा' हे दोन्ही शब्द कानाला आकारान्त वाटतात. पण लिहिताना पहिल्याच्या शेवटी अलिफ येतो आणि दुसऱ्याच्या शेवटी 'हे'. ज्याने हे शब्द लिहिलेले पाहिलेले नाहीत त्याला बैतबाजीत डाव गमवावा लागतो. भेंड्यांत असे होत नाही. निरक्षर आजीलाही ओळ कोठे संपली हे ऐकून कळते, कारण तेथील एकक उच्चाराच्या जवळ आहे. रोमन शब्दसाखळी बैतबाजीहूनही पुढे जाते. इंग्रजी 'टेबल'चे शेवटचे लेटर 'ई' आहे, आणि ते उच्चारलेच जात नाही. खेळाडूने कानावर विश्वास ठेवणे सोडावे, हीच तेथील पहिली अट आहे.

'साक्षरता' या शब्दातच अक्षर बसलेले आहे. 'लिटरसी'च्या मुळाशी लॅटिन 'लिटेरा' आहे. आपण या दोन शब्दांना पर्याय मानून चालतो. नदीच्या उदाहरणावरून दिसते, की ते दोन भिन्न कौशल्यांची नावे असण्याचाही संभव आहे.

आता पडद्यावरील खेळांकडे वळता येईल. या क्षेत्रातील सर्वांत अभ्यासला गेलेला नमुना ग्राफोगेम हा आहे. फिनलंडमधील युवास्क्युला विद्यापीठात हेइक्की ल्युतिनेन आणि त्यांचे सहकारी वाचनातील अडचणींचा दीर्घकालीन अभ्यास करीत होते. त्या अभ्यासातून हा खेळ जन्माला आला. त्याची मूळ कल्पना अत्यंत सोपी आहे. पडद्याच्या वरून लेटर लिहिलेले चेंडू खाली येतात. कानी पडलेल्या ध्वनीशी जुळणारा चेंडू तळाला पोहोचण्याआधी मुलाने टिपावयाचा. फिनिश भाषेत लेटर आणि ध्वनी यांचे नाते जवळजवळ एकास एक आहे, आणि ही संख्या पंचविशीच्या आतबाहेर संपते. त्या भाषेत चेंडू टिपणारे मूल खरोखरच वाचनाच्या दारापर्यंत पोहोचते, कारण तेथे ध्वनी जोडत गेले की शब्द होतो. २०१९ साली ज्या जागतिक स्पर्धेने मुलांना शिक्षकाविना वाचायला शिकविणाऱ्या खेळांना एक कोटी डॉलरचे पारितोषिक विभागून दिले, तिची चाचणी टांझानियातील स्वाहिली भाषेत झाली होती. अंतिम पाचांत बंगळूरचा 'चिंपल' हा प्रकल्पही होता. स्वाहिलीचेही लेखन असेच पारदर्शक आहे. या प्रकारच्या खेळांची गाजलेली उदाहरणे ज्या भाषांतून पुढे आली त्या भाषांची लिपीच खेळाला अर्धे काम करून देत होती, ही गोष्ट त्यांचे कौतुक करताना सहसा नजरेआड होते.

कन्नडाची गोष्ट वेगळी आहे. सोनाली नाग यांनी कन्नडातील आरंभीच्या वाचनाविषयी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने दाखवून दिले, की या लिपीतील अक्षरांचा संच शेकड्यांत मोजावा लागतो, तो आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात, आणि सुटा ध्वनी वेगळा काढण्याची जाणीव मुलांत सावकाश येते. मराठीचे चित्र याहून फार निराळे असण्याचे कारण नाही. खाली येणाऱ्या चेंडूवर 'क' लिहावा, की 'कि', की 'क्लि'? 'कि'मधील वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. कन्नडातील ओत्ताक्षर व्यंजनाच्या खाली बसते. वरून खाली पडणाऱ्या सुट्या चेंडूंच्या कल्पनेत या मांडणीला जागाच नाही. तेव्हा रूपांतरकार एकतर मुळाक्षरांवर थांबतो किंवा प्रत्येक अक्षराला स्वतंत्र चित्र मानून शेकडो चेंडू करतो. पहिल्या मार्गाने मूल वर्णमाला शिकते, वाचन शिकत नाही. दुसऱ्या मार्गाने त्याला बाराखडीची अंतर्गत शिस्त दिसत नाही, आणि पाठांतराचे ओझे मात्र वाढते.

मराठीत आणखी एक गुंता आहे. एकच 'ज' दोन ध्वनींसाठी उभा राहतो. थोडे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' लिहिताना एकरूप आहेत, उच्चारताना नाहीत. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' निरनिराळे आहेत. सुटे 'च' दाखवून ध्वनी ऐकविणाऱ्या खेळाला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. दुसरा ध्वनी शब्दाच्या आणि अर्थाच्या संदर्भाशिवाय येतच नाही. कन्नडातून मराठीकडे येणाऱ्या मुलाची अडचण उलट दिशेची आहे. त्याच्या लिपीत अक्षराच्या अंगचा अकार शेवटपर्यंत उच्चारला जातो. मराठी 'राम' वाचताना तो अकार गिळावा लागतो. ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' कन्नडात वेगळे लिहितात, मराठीत तो भेद लेखनात नाही. लिप्या सख्ख्या बहिणी असूनही वाचनाच्या सवयी अशा भिन्न होतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी विकसित केलेली वाचनपद्धती येथे आठवावी. सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट न पाहता मोजकी अक्षरे आणि मोजकी स्वरचिन्हे एकत्र घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्दांपर्यंत जाण्याचा तिचा मार्ग अक्षराची घडण ओळखून आखलेला आहे. तेथे पडदा नव्हता. लिपीचा विचार होता.

शब्द आणि अर्थ यांपासून सुरुवात करणारे खेळ याहून बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. गूगलने मार्च २०१९ मध्ये भारतात 'बोलो' या नावाने आणलेले आणि पुढे 'रीड अलाँग' म्हणून ओळखले गेलेले साधन या जातीचे होते. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, 'दिया' नावाची यांत्रिक सोबतीण ऐकते, अडखळल्यास शब्द उच्चारून दाखविते आणि यशाबद्दल तारे देते. २०२० साली ते जगभर खुले झाले तेव्हाच्या नऊ भाषांत मराठी आणि उर्दू होत्या, कन्नड नव्हती. गोष्टीला मध्यभागी आणणे हा या साधनाचा निःसंशय गुण आहे. परंतु ऐकणाऱ्या यंत्राचे कार्य छापील शब्द आणि उच्चारलेला शब्द ताडून पाहणे एवढेच असते. मंडी मोहल्ल्यातील मूल घरी 'मेरेकू नक्को' म्हणते. पुस्तकातली उर्दू त्याच्या बोलीहून बरीच दूर असते. ओळ वाचून तिचा आशय आपल्या बोलीत सांगणे ही आकलनाची खरी खूण. शिक्षक ती ओळखतो आणि हसून पुढे जातो. ताडून पाहणाऱ्या यंत्राला मात्र ती चूक दिसते, कारण त्याला अर्थ नको आहे, अनुरूपता हवी आहे. देबीप्रसन्न पट्टनायक यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बहुभाषिकतेची आणि मातृभाषेतून शिक्षणाची बाजू मांडली. ज्या भारतीय भाषा संस्थेचे ते संस्थापक संचालक, ती १९६९ पासून याच म्हैसुरात आहे. तेव्हा मंडी मोहल्ल्याचा प्रश्न शहराला नवा नाही. यंत्राला नवा आहे.

यंत्राचे स्वतःचे एकक कोणते, हेही पाहिले पाहिजे. युनिकोडच्या सारणीत देवनागरी मजकूर अक्षरांत साठविलेला नसतो. 'स्त्री' हे वाचकाला एक अक्षर. यंत्राला स, हलन्तचिन्ह, त, हलन्तचिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा खुणांची माळ. 'नदी'चे शेवटचे चिन्ह कोणते, असे एखाद्या साध्या प्रणालीला विचारले, तर उत्तर येते सुटी दीर्घ वेलांटी. आणि ती एकटी उभी राहू शकत नसल्याने पडद्यावर तिच्या पोटाशी ठिपक्यांचे वर्तुळ काढून दाखविले जाते. भेंड्यांचा 'द', बैतबाजीचा 'ये' आणि रोमन 'आय' यांच्या जोडीला हे चौथे उत्तर. पहिल्या तिघांमागे कोणाची तरी वाचण्याची पद्धत आहे. या चौथ्याने कोणीही माणूस कधी वाचत नाही. जोश वॉर्डल यांचा 'वर्डल' हा शब्दशोधाचा खेळ २०२१-२२ च्या सुमारास जगभर पसरला आणि भारतीय भाषांतही त्याची रूपांतरे झाली, तेव्हा प्रत्येक रूपांतरकाराला ठरवावे लागले, की एका चौकटीत काय बसवायचे. व्यंजन बरोबर आणि मात्रा चुकीची असेल तर चौकटीला कोणता रंग द्यावा? इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही. देवनागरी जोडाक्षर हा वाचकाच्या दृष्टीने एकच घटक मानावा, हा नियम युनिकोडच्या संहितेत २०२३ च्या आवृत्तीत आला. तोवर पडद्यावरील पुष्कळ खेळांना मराठी अक्षर दिसतच नव्हते म्हटले तरी चालेल.

आणि तरीही अक्षर हेच एकक धरून अत्यंत सूक्ष्म खेळ रचण्याची परंपरा या भूमीत, त्यातही म्हैसुरात, होती. मराठी अभ्यासकाला 'मानसोल्लास' ओवीच्या उल्लेखासाठी ठाऊक असतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या या बाराव्या शतकातील ग्रंथात क्रीडांचे जे प्रकरण आहे, त्यात चतुरंगाच्या घोड्याने पटावरील चौसष्ट घरे, एकाही घरात पुन्हा न जाता, कशी फिरावीत हे सांगितले आहे. त्यासाठी घरांना नावे लागतात. पटाच्या एका दिशेला व्यंजने आणि दुसऱ्या दिशेला स्वर योजून ग्रंथकार प्रत्येक घराला एक अक्षर देतो. हा बुद्धिबळाचा पट म्हणजे मांडून ठेवलेली बाराखडीच. घोड्याची चाल लक्षात ठेवणे म्हणजे अक्षरांचा एक क्रम पाठ म्हणणे. युरोपीय बीजगणिती पद्धतीत घराला लेटर आणि आकडा मिळून नाव मिळते. येथे व्यंजन आणि स्वर मिळून मिळते, आणि ते उच्चारता येते.

काव्यशास्त्राने ही कल्पना आणखी पुढे नेली. नवव्या शतकातील रुद्रटाने 'काव्यालंकारा'त तुरगपदबंध दिला : बत्तीस अक्षरांचा श्लोक अर्ध्या पटावर लिहावा, सरळ वाचावा किंवा घोड्याच्या चालीने वाचावा, श्लोक तोच राहतो. ते साधण्यासाठी त्याला अक्षरांची पुनरावृत्ती करावी लागली आणि अर्थाची बरीच ओढाताण झाली. वेदान्तदेशिकांच्या 'पादुकासहस्रा'त घोड्याच्या चालीने वाचल्यावर दुसराच अर्थपूर्ण श्लोक हाती येतो. श्रीरंगमवरील स्वारीच्या काळात ते म्हैसूरजवळच्या सत्यागाल येथे राहिले होते, असे परंपरा सांगते. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठानेही आपल्या धर्मशास्त्रविषयक 'भगवन्तभास्करा'तील नीतिमयूखात घोड्याची चाल श्लोकबद्ध केली आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथात बुद्धिबळ कशासाठी, असा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा.

म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार १७९९ मध्ये बालवयात गादीवर आले. १८३१ मध्ये कंपनीने राज्यकारभार त्यांच्या हातून काढून घेतला. त्यानंतर १८६८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांच्याकडे वेळ होता आणि चौसष्ट घरे होती. त्यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या 'श्रीतत्त्वनिधी'चा अखेरचा भाग 'कौतुकनिधी' खेळांना वाहिलेला आहे. जादूच्या चौरसाचे गुण असलेल्या अश्वगती त्यांच्या नावावर आहेत. जगन्मोहन राजवाड्याच्या भिंतींवर खेळांचे पट चितारलेले आहेत. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये 'क्रीडाकौशल्य' लिहिले, तेव्हा ही परंपरा मराठी मुलखातही जिवंत होती. मोरोपंतांच्या रामायणांतील ओष्ठ्यवर्ण टाळणारे किंवा मंत्राची अक्षरे गुंफणारे प्रयोग याच कुळातले होत. आपल्या समीक्षेने त्यांना कसरत म्हणून बाजूला सारले. काव्य म्हणून तो निवाडा बहुधा योग्यच आहे. पण लिपीविषयीचा विचार म्हणून त्या कसरतींकडे कोणी पाहिले नाही.

येथे सावध राहिले पाहिजे. राजवाड्याच्या भिंतीवरील पट मंडी मोहल्ल्यातील मुलासाठी रंगविलेला नव्हता. तुरगपदबंध हा आधीच साक्षर असलेल्यांचा, संस्कृत जाणणाऱ्या पुरुषांचा खेळ होता. त्याने कोणाला वाचायला शिकविल्याचा दाखला नाही, आणि तो शिकवावा अशी अपेक्षाही कोणाची नव्हती. पूर्वी सर्व होते, असे म्हणून नव्या खेळांना हिणविणे हा संशोधनाचा मार्ग नाही. या परंपरेतून एवढेच सिद्ध होते, की अक्षर हे खेळाचे एकक होऊ शकते. ते खेळात बसविता येत नाही, ही अडचण लिपीची नसून आयात नियमांची आहे.

राजवाडा आणि घर यांच्या मध्ये मोक्षपट येतो. त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा मराठीत रूढ आहे. तिला समकालीन पुरावा नाही, आणि उपलब्ध पट बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील आहेत. याकोब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठास सादर केलेला प्रबंध पश्चिम भारतातील या ज्ञानपटांचा विस्तृत अभ्यास आहे. वैष्णव पटाची बहात्तर आणि जैन पटाची चौऱ्याऐंशी ही घरांची प्रचलित संख्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही, की प्रत्येक घरात शब्द लिहिलेला आहे. कवड्या टाकून सोंगटी जेथे पोहोचेल तेथील नाव वाचल्याविना आपले काय झाले हे खेळाडूला कळत नाही : काम, क्रोध, दया, सत्संग, अमुक लोक, तमुक नरक. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवितो, आणि पुढच्या डावात त्याच घरावर आल्यावर ते नाव त्याला आकृतीवरून ओळखता येते. शब्द येथे अर्थासह, जागेसह आणि परिणामासह भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला. आरंभी तेथेही सद्गुण-दुर्गुणांची नावे होती. हळूहळू ती गळाली आणि एक ते शंभर आकडे उरले. तोच शब्दहीन पट 'सापशिडी' म्हणून परत आला आणि आपण तो खेळ मुलांना गणिताच्या सरावासाठी दिला. ज्या खेळातून वाचन वजा झाले त्याच्या शेजारी आज वाचन शिकविणारे निराळे खेळ मांडले जात आहेत, हा योगायोग गमतीचा खरा. पण तो वाचनाला महाग पडलेला आहे.

मोक्षपटात शेजारी बसून वाचून दाखविणारा जो माणूस आहे, तो ग्राफोगेमच्या संशोधनातही अनपेक्षितपणे सापडतो. या खेळाविषयीच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये 'रीडिंग रिसर्च क्वार्टर्ली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा, की शब्दवाचनावरील खेळाचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आहे; परंतु जेथे खेळताना प्रौढ व्यक्तीचा सहभाग अधिक होता तेथे परिणाम स्पष्टपणे अनुकूल आढळला. संशोधकांच्या सारणीत 'प्रौढाचा सहभाग' हा बदलत्या घटकांपैकी एक रकाना आहे. खेळाच्या रचनेत मात्र त्या प्रौढाला जागा दिलेली नव्हती. तो बाहेरून येऊन बसला होता. मॅथ्यू कॅम आणि त्यांचे सहकारी भारतातील ग्रामीण मुलांसाठी भ्रमणध्वनीवरील इंग्रजीचे खेळ घडवीत असताना त्यांना आढळले, की पाश्चात्त्य धर्तीच्या खेळांचे नियम मुलांना सहज उमगत नाहीत. तेव्हा ते गावातील पारंपरिक खेळांच्या अभ्यासाकडे वळले आणि २००९ मध्ये तो अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. तो महत्त्वाचा आहेच. पण त्याची दृष्टी धावण्या-पकडण्याच्या खेळांच्या रचनेवर होती. भेंड्या, बैतबाजी, मोक्षपट यांसारखे भाषेचेच खेळ असा आधार म्हणून अद्याप कोणी फारसे घेतलेले नाहीत.

ते घ्यायचे झाले तर मंडी मोहल्ल्यात पहिला निर्णय नदीवर घ्यावा लागेल. शेवटचे काय, याचे एकच उत्तर बरोबर धरणारा खेळ त्या मुलाच्या दोन लिप्यांना चुकीचे ठरवील. तिन्ही उत्तरे मान्य करून, कोणत्या लिपीच्या हिशेबाने, असे उलट विचारणारा खेळ रचणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. द, ये आणि आय यांतील फरक स्वतः सांगू शकणाऱ्या मुलाला लिपीविषयी जे कळलेले असेल, ते चेंडू टिपून कळणारे नाही. दुसरा निर्णय समोर कोण बसणार याचा. दखनी ओव्या आणि लोरी मुखोद्गत असलेली, पण कोणतीही लिपी न वाचणारी आजी भेंड्यांच्या डावात पुरती खेळाडू असते. बैतबाजीत तिला अलिफ की 'हे' असे नातवाला विचारावे लागते, आणि नातू ते सांगताना स्वतः शिकतो. पडद्यावरच्या आजच्या बहुतेक खेळांत तिच्यासाठी कळ नाही, तारा नाही, पाळी नाही.